विजयाच्या क्षणी मृतांचे स्मरण : फुटबॉलविषयक तीन संहितांचा रसलक्ष्यी अभ्यास

प्रस्तावना

फुटबॉलचा एखादा संघ अनेक वर्षांच्या अपयशानंतर अजिंक्यपद मिळवतो, तेव्हा स्टेडियममध्ये जल्लोषाबरोबर अश्रूही दिसतात. त्यांना सर्रास 'आनंदाश्रू' म्हटले जाते. परंतु अशा क्षणी चाहते कोणाविषयी बोलतात हे पाहिले, तर हा शब्द अपुरा वाटू लागतो. ज्या वडिलांनी प्रथम मैदानावर नेले ते आता नाहीत. ज्या आजोबांनी संघाच्या वैभवकाळाच्या कथा सांगितल्या त्यांना हा दिवस पाहता आला नाही, असेच बोलणे पुष्कळदा कानी पडते. युरोप आणि लॅटिन अमेरिकेत अशा विजयानंतर संघाचा झेंडा किंवा गळपट्टा घेऊन थेट दफनभूमीकडे जाणारे चाहते अपवादात्मक नाहीत. ज्या दिवसाची इतकी वर्षे वाट पाहिली, तो दिवस उगवताच माणसाला मृतांची आठवण इतक्या तीव्रतेने का व्हावी, हा प्रश्न केवळ क्रीडाशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा नाही. ज्या संहितांतून हा अनुभव व्यक्त झाला, त्यांच्या अर्थनिर्णयाचा म्हणजेच समीक्षेचाही तो प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात अशा तीन संहितांचा विचार केला आहे. पहिली संहिता नेपल्समधील दफनभूमीच्या भिंतीवर १९८७ साली लिहिले गेलेले एक वाक्य आहे. दुसरी अर्जेंटिनाचे कथाकार रॉबेर्तो फोन्तानारोसा (१९४४–२००७) यांची '१९ दे दिसिएम्ब्रे दे १९७१' ही कथा होय. तिसरी, हुआन होसे काम्पानेला दिग्दर्शित 'एल सेक्रेतो दे सुस ओखोस' (२००९) हा चित्रपट. भिंतीवरील वाक्य, कथा आणि चित्रपट ही माध्यमे भिन्न असली, तरी तिन्ही ठिकाणी संघावरील निष्ठा आणि मृतांची स्मृती एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

सैद्धांतिक भूमिका

या अनुभवाचे स्वरूप समजून घेण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक भेद उपयुक्त ठरतो. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त हर्ष आणि स्मृती या दोहोंचाही समावेश तेहतीस व्यभिचारी भावांत केलेला आहे. हे भाव स्वतंत्रपणे स्थिर राहत नाहीत. ते कोणत्या तरी स्थायीभावाच्या आश्रयाने येतात आणि जातात. म्हणून विजयाच्या क्षणी दिसणारा हर्ष कोणत्या स्थायीभावावर उभा आहे, हे प्रथम पाहावे लागते.

विप्रलंभ शृंगार आणि करुण या दोहोंतही वियोग असतो. तरीही भरताने त्यांत स्पष्ट भेद केला आहे. विप्रलंभात वियोग असला तरी अपेक्षा शिल्लक असते, म्हणून तो सापेक्ष भाव. करुणात अपेक्षेलाच जागा उरत नाही, म्हणून तो निरपेक्ष भाव. विप्रलंभ हा शृंगाराचा प्रकार असल्यामुळे पिता-पुत्र किंवा आजोबा-नातू यांच्या नात्याला ती संज्ञा जशीच्या तशी लावता येणार नाही. तथापि सापेक्ष आणि निरपेक्ष हा भेद त्या मर्यादेपलीकडेही अर्थपूर्ण आहे.

वडिलांच्या निधनानंतरही मुलगा त्याच संघाची वाट पाहत राहतो, तेव्हा एका अर्थाने दोघांची प्रतीक्षा सामाईक राहते. वडील गेले, पण ज्याची ते वाट पाहत होते ते अजून घडलेले नाही. त्यामुळे त्यांचे काही तरी अजून अपुरे आणि म्हणूनच जिवंत असते. संघ जिंकतो त्या क्षणी ही सामाईक प्रतीक्षा संपते आणि तिच्या आधाराने टिकलेली अपेक्षाही संपते. तोवर सापेक्ष असलेला वियोग निरपेक्ष होतो. विजयाच्या क्षणी येणारे अश्रू हे या स्थित्यंतराचे अनुभाव आहेत, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

नेपल्सची भिंत : मृतांना उद्देशून केलेले संबोधन

१९२६ साली स्थापन झालेल्या नापोली संघाने इटलीच्या राष्ट्रीय लीगचे पहिले अजिंक्यपद १० मे १९८७ रोजी मिळवले. फियोरेन्तिनाविरुद्धचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि अजिंक्यपद निश्चित झाले. १९८४ मध्ये संघात दाखल झालेला दिएगो मारादोना हा या यशाचा नायक होता. तोवर लीगवर मिलान आणि तुरिन या उत्तरेकडील औद्योगिक शहरांतील संघांचे वर्चस्व होते. त्यामुळे दक्षिणेतील या शहराला हा विजय केवळ खेळापुरता वाटला नाही. रस्त्यांवरील उत्सवात प्रतिस्पर्धी संघांच्या लटक्या अंत्ययात्राही काढण्यात आल्या. त्याच दिवसांत शहराच्या मोठ्या दफनभूमीच्या भिंतीवर, आतील मृतांना उद्देशून, 'तुम्ही काय गमावलेत ते तुम्हांला ठाऊक नाही' अशा आशयाचे वाक्य रंगवले गेले. त्याखाली पुढे उत्तर उमटल्याचेही सांगितले जाते. 'आम्ही ते गमावले, हे तुम्हांला कोणी सांगितले?' असा त्या उत्तराचा आशय होता.

हे वाक्य बहुधा नेपल्सच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून उद्धृत केले जाते. त्यात विनोद आहे हे खरेच. परंतु संहिता म्हणून पाहिल्यास तिची रचना लक्षणीय ठरते. हे वाक्य मृतांविषयी बोलत नाही, मृतांशी बोलते. त्यातील द्वितीय पुरुष हा केवळ अलंकार नव्हे, कारण नेपल्समध्ये मृतांशी बोलण्याची जुनी लोकपरंपरा आहे. शहरातील फोन्तानेल्ले येथील अस्थिगृहात १६५६ च्या प्लेगपासून पुढच्या काळातील असंख्य अनामिकांच्या अस्थी आहेत. तेथील कवट्या स्त्रिया 'दत्तक' घेत, त्यांना पुसून स्वच्छ करत, त्यांच्यासाठी प्रार्थना करत आणि त्यांच्याकडे कौल मागत. चर्चने १९६९ साली या प्रथेवर बंदी घातली. त्यानंतर अठरा वर्षांनी दफनभूमीच्या भिंतीवर जे वाक्य लिहिले गेले, ते याच संवादाची सवय असलेल्या शहरात लिहिले गेले. जिवंतांनी प्रश्न करावा आणि मृतांनी उत्तर द्यावे, ही अपेक्षा तेथे अपरिचित नव्हती.

या संहितेतील मृत हे विशिष्ट प्रकारचे मृत आहेत. संघाच्या स्थापनेपासून एकसष्ट वर्षांत ज्यांनी एकदाही लीगचे अजिंक्यपद पाहिले नाही, असे ते आहेत. म्हणूनच वाक्यात हळहळ आहे. परंतु उत्तराच्या ओळीने ही हळहळ उलटवली जाते. मृतांना काहीच गमवावे लागले नाही, असे त्यांच्याच तोंडून वदवल्यामुळे निरपेक्ष होऊ पाहणारा वियोग पुन्हा सापेक्षाकडे खेचला जातो. विनोदाचे कार्य येथे शोक नाकारण्याचे नसून तो सुसह्य करण्याचे आहे.

पुढील इतिहासाने या संहितेला नवा संदर्भ दिला. १९९० च्या दुसऱ्या अजिंक्यपदानंतर नापोलीला तिसऱ्यासाठी तेहतीस वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात, २००४ साली, क्लब दिवाळखोरीत निघाला आणि तिसऱ्या श्रेणीतून त्याला पुन्हा सुरुवात करावी लागली. ४ मे २०२३ रोजी ही प्रतीक्षा संपली, तेव्हा स्वतः मारादोनाही हयात नव्हता. २५ नोव्हेंबर २०२० रोजी त्याचे निधन झाले होते आणि स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले होते. १९८७ मध्ये ज्याच्यामुळे मृतांना वार्ता कळवावीशी वाटली, तोच २०२३ मध्ये वार्ता कळवावी अशा मृतांपैकी एक झाला होता.

फोन्तानारोसा यांची कथा : आनंदात आलेला मृत्यू

फोन्तानारोसा हे रोसारियो शहराचे आणि त्या शहरातील रोसारियो सेंट्रल या संघाचे निष्ठावंत चाहते. त्यांच्या कथेचे शीर्षक म्हणजे एक खरी तारीख आहे. १९ डिसेंबर १९७१ रोजी सेंट्रलने शहरातील कट्टर प्रतिस्पर्धी न्यूवेल्स ओल्ड बॉइज या संघाचा राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात १–० असा पराभव केला. आल्दो पेद्रो पोय याने सूर मारून डोक्याने केलेला गोल निर्णायक ठरला.

कथेतील चाहत्यांना या सामन्याची विलक्षण धास्ती वाटते. शुभशकुनांच्या शोधात असताना त्यांना कळते, की कासाले नावाच्या एका वृद्धाने न्यूवेल्सविरुद्ध सेंट्रलचा पराभव कधीच पाहिलेला नाही. वृद्धाला हृदयविकार आहे. डॉक्टरांनी सामन्यांपासून दूर राहण्यास बजावले आहे. तरीही हे तरुण त्याला जवळजवळ पळवूनच सामन्याला नेतात. संघ जिंकतो आणि त्या आनंदाच्या भरात वृद्धाचा मृत्यू होतो. याहून चांगले मरण ते कोणते, असा निवेदकाचा निष्कर्ष आहे.

कथेचे यश या निष्कर्षात नाही, तर तो कोणत्या आवाजात काढला जातो यात आहे. निवेदक आरंभीच लोकांचे आरोप ठाऊक असल्याचे मान्य करतो. म्हणजे कथा ही एक प्रकारची कैफियत आहे. बोलीभाषेतील अखंड ओघ, स्वतःशीच घातलेले वाद, पुन्हा पुन्हा दिलेले दाखले यांतून निवेदक श्रोत्याला जितके पटवतो, तितकेच स्वतःलाही पटवत असतो. वृद्धाच्या चेहऱ्यावरील आनंदाचे वर्णन हा त्याचा मुख्य पुरावा आहे. परंतु तो आनंद पाहणारा साक्षीदार स्वतःच आरोपी आहे, हे लेखकाने वाचकाला विसरू दिलेले नाही. त्यामुळे कथेतील हास्याखाली अपराधभावाचा एक सूर सतत वाजत राहतो.

वृद्धांनी तरुणांना संघ देणे ही या क्षेत्रातील रूढ दिशा आहे. येथे ती उलटली आहे. तरुण वृद्धाला मैदानावर परत नेतात आणि त्याच्या मृत्यूचे कारण ठरतात. 'त्यांना हा दिवस पाहता आला नाही' ही नेहमीची खंत टाळण्याची ही एक कल्पित, टोकाची युक्ती आहे. मृताला विजय दाखवता येत नसेल, तर मृत्यूच विजयाच्या क्षणी आणावा, असे जणू कथा सुचवते. प्रत्यक्ष इतिहासाने मात्र या युक्तीवर एक सूक्ष्म उपरोध केला आहे. तो सामना उपांत्य होता. सेंट्रलने आपले पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद तीन दिवसांनी, २२ डिसेंबर १९७१ रोजी, सान लोरेन्सोचा २–१ असा पराभव करून मिळवले. म्हणजे ज्या वृद्धाचे मरण परिपूर्ण मानले गेले, त्यालाही अजिंक्यपद पाहता आले नाही. प्रतीक्षा पूर्णपणे संपलेली पाहून गेलेला माणूस या कथेतही नाही.

पोयच्या त्या गोलचे पुनर्दर्शन सेंट्रलचे चाहते पुढे दर १९ डिसेंबरला घडवू लागले आणि स्वतः पोय वाढत्या वयातही त्यात सहभागी होत राहिला. तिथी धरून केलेली ही पुनरावृत्ती विजयोत्सवापेक्षा स्मरणविधीच्या अधिक जवळची आहे.

काम्पानेला यांचा चित्रपट : स्मृतीची स्मृती

ब्युनोस आयर्सलगतच्या आवेयानेदा येथील रेसिंग क्लब १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या लीगचा विजेता ठरला आणि १९६७ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकला हरवून त्याने आंतरखंडीय करंडकही जिंकला. त्यानंतर लीगच्या अजिंक्यपदासाठी त्याला पस्तीस वर्षे थांबावे लागले.

'एल सेक्रेतो दे सुस ओखोस' ही एका खुनाच्या तपासाची कथा आहे. एदुआर्दो साचेरी यांच्या २००५ मधील कादंबरीवर ती आधारित असून पटकथा साचेरी व काम्पानेला यांची आहे. बेन्हामिन एस्पोसितो हा निवृत्त न्यायालयीन कर्मचारी १९९९ मध्ये पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रकरण आठवून लिहू लागतो. संशयिताच्या पत्रांतील अनाकलनीय नावे ही रेसिंगच्या जुन्या खेळाडूंची आहेत, हे सांदोवाल या सहकाऱ्याच्या ध्यानी येते. माणूस सर्व काही बदलू शकतो, पण आपला ध्यास बदलू शकत नाही, असा त्याचा तर्क असतो. त्या प्रसंगात रेसिंगने नऊ वर्षे अजिंक्यपद मिळवलेले नसल्याचा उल्लेख येतो. २००९ च्या अर्जेंटिनी प्रेक्षकाला ती नऊ वर्षे पुढे पस्तीस होणार आहेत हे ठाऊक होते. पात्रांना अज्ञात आणि प्रेक्षकाला ज्ञात अशा या कालांतरातून विनोदी प्रसंगालाही करुणाची छटा लाभते.

चित्रपटाचा खरा केंद्रबिंदू मात्र मोरालेस हा मृत स्त्रीचा पती आहे. पत्नीसोबतची शेवटची सकाळ आपण वारंवार आठवतो; पण आता ती मूळ आठवण उरली आहे की आठवणीची आठवण, हे आपल्याला कळेनासे झाले आहे, अशी कबुली तो देतो. फुटबॉल आणि शोक ही चित्रपटाची दोन सूत्रे वरवर असंबद्ध वाटतात. वस्तुतः ती याच ठिकाणी जुळतात. १९६७ नंतर जन्मलेल्या रेसिंगच्या चाहत्याकडे अजिंक्यपदाची जी आठवण होती, ती वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेली, म्हणजेच स्मृतीची स्मृती होती. सांगणारा गेल्यावर तिला दुजोरा देणारे घरात कोणी उरत नाही.

४ मार्च १९९९ रोजी रेसिंगच्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत, हा क्लब अस्तित्वात उरला नसल्याचे जाहीर करण्यात आले. तीन दिवसांनी सामना नसतानाही चाहत्यांनी आपले स्टेडियम भरून टाकले. २७ डिसेंबर २००१ रोजी व्हेलेस सार्सफील्डविरुद्ध १–१ अशी बरोबरी करून संघाने अजिंक्यपद मिळवले, तेव्हाही व्हेलेसच्या मैदानाबरोबर आवेयानेदातील रेसिंगचे रिकामे मैदानही पडद्यावर सामना पाहणाऱ्यांनी भरले होते. त्या दिवशी ऐकीव स्मृतीला प्रत्यक्षाचा आधार मिळाला. आजोबा सांगत होते ते खरे होते, हे सिद्ध झाले. मात्र ते त्यांना सांगण्याची सोय उरली नव्हती. पुढे २०१९ मध्ये संघाने पुन्हा लीग जिंकली, तेव्हा एका चाहत्याने आपल्या आजोबांची कवटी उत्सवात आणल्याचे वृत्त सर्वदूर पसरले. ही कृती विकृत ठरवणे सोपे आहे. परंतु प्रतीक्षेतील भागीदाराला शेवटच्या क्षणी हजर ठेवण्याची जी इच्छा नेपल्सच्या भिंतीवर शब्दांत उतरली, तीच येथे शब्दांवाचून प्रकटली, असेही तिचे वाचन करता येते.

ध्यास निष्पाप असतो, असा भाबडा दावा चित्रपट करत नाही. ज्याचा ध्यास ओळखून तपास पुढे सरकतो तो चाहता खुनी आहे. आणि मोरालेसचे पत्नीवरील प्रेम शेवटी खुन्याला आयुष्यभर कोंडून ठेवण्यापर्यंत पोहोचते. न संपणारी प्रतीक्षा माणसाला घडवते तशीच गोठवूनही टाकते, याची ही जाणीव आहे.

आक्षेप आणि मर्यादा

या संहितांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की येथील वारसा जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांचा आहे. आजोबा, वडील, मुलगा अशी परंपरा गृहीत धरली जाते. फोन्तानेल्लेतील कवट्यांची सेवा प्रामुख्याने स्त्रियांनी केली. पण फोन्तानारोसांच्या कथेत कृती आणि निवेदन दोन्ही पुरुषांकडे आहेत आणि काम्पानेलांच्या चित्रपटात ध्यासाविषयीची चर्चाही पुरुषांतच रंगते. स्त्रीचाहत्यांचा शोक या संहितांत फारसा उच्चारला जात नाही, ही त्यांची खरी उणीव होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९ आणि २० डिसेंबर २००१ या दिवसांत आर्थिक अरिष्टाने होरपळलेला अर्जेंटिना रस्त्यावर उतरला. राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ यांनी राजीनामा दिला. दडपशाहीत आणि दंगलींत सुमारे ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने रेसिंगचा उत्सव झाला. ताज्या मृतांवर जुन्या मृतांचे स्मरण पांघरले गेले काय, असा प्रश्न विचारला जाणे न्याय्य आहे. खेळ ही पलायनाची जागा आहे, हे मत येथे बळकट होते.

तथापि हे मत पुरेसे नाही. पलायनाचे लक्षण विस्मरण हे असते. या उत्सवाचे लक्षण स्मरण हे होते. बँकेतील ठेव गोठली, नोकरी गेली, शासन कोसळले, अशा काळात माणसाने 'माझ्या वडिलांनी मला दिलेले काही तरी अजून टिकून आहे' असे म्हणावे, यात वास्तवाचा नकार नाही. मात्र अशा स्मरणाने सार्वजनिक मृतांची जबाबदारी संपत नाही, हेही तितकेच खरे आहे. कुटुंबाच्या मृतांसाठी रडणारा समाज रस्त्यावरील मृतांसाठी न्याय मागतो की नाही, यावर त्या अश्रूंचे नैतिक मोल अंशतः अवलंबून राहते.

निष्कर्ष

१. दीर्घ प्रतीक्षेनंतरच्या विजयात होणारे मृतांचे स्मरण ही आनंदाची केवळ जोड नसून त्या अनुभवाचा गाभा आहे. हर्ष येथे व्यभिचारी भाव म्हणून येतो. त्याखालचा स्थायीभाव शोक हाच आहे.

२. संघ हरत असताना मृत आणि जिवंत यांची प्रतीक्षा सामाईक असते. विजयाने ती संपते आणि सापेक्ष वियोग निरपेक्ष होतो. म्हणूनच निधनानंतर अनेक वर्षांनी, विजयाच्या दिवशी, शोक नव्याने जाणवतो.

३. तिन्ही संहिता हे स्थित्यंतर निरनिराळ्या रीतींनी हाताळतात. नेपल्सची भिंत मृतांना बोलते करते, फोन्तानारोसांची कथा मृत्यूच विजयाच्या क्षणी आणू पाहते, तर काम्पानेलांचा चित्रपट स्मृतीच्या झिजण्याचे भान देतो. यांपैकी कोणतीही संहिता पूर्ण सांत्वन देत नाही.

४. या अश्रूंना क्षुल्लक मानणारी समीक्षा त्यांच्या विषयाकडे, म्हणजे चेंडूकडे पाहते. ते कोणाला उद्देशून आहेत याकडे पाहत नाही. तर्पणात पाणी ओंजळीतून सुटते, पण ते ज्याच्या नावाने सोडले त्याच्यामुळे त्या कृतीला अर्थ येतो. स्टेडियममधील अश्रूंचे वाचनही त्याच न्यायाने, ज्याच्यासाठी ते आले त्याच्या नावासह, व्हावयास हवे.